बाबांचा पडलेला खडा

माझे बाबा बोईसरच्या कारखान्यात फिटर होते. यंत्र नुसतं खोकलं तरी त्यांना कळायचं, स्वतःच्या पोटाचं मात्र काही कळत नसे. मासवणला एका दोस्ताच्या मुलीच्या लग्नात मटणावर आडवा हात मारून आले आणि उजव्या बरगडीखाली अशी कळ उठली की थेट पाठीत गेली. बाबांचं निदान तयार होतं: वायू. सोडा प्याले, ओवा चावला, अंगणात वाकून फेऱ्या मारल्या. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा आईने त्यांना जवळजवळ ओढतच पालघरला नेलं. मीही गेले.

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टरांनी कागदावर छोट्या वांग्यासारखी एक पिशवी काढली, तिच्याखाली नळी काढली आणि समजावलं, "खडा पिशवीत आहे तोवर कळ येईल, जाईल. नळीत अडकला तर कावीळ होईल. स्वादुपिंडाला सूज आली तर जिवावरच बेतेल. ऑपरेशन करून पिशवी काढून टाकू. तिच्याशिवाय माणूस मजेत जगतो. तोवर तेलकट-तुपकट बंद."

"नको असलेला पार्ट मुळात बसवला कशाला?" बाबांनी विचारलं. डॉक्टर हसले. बाबा गंभीर होते.

पालघरजवळच्या आमच्या माहीम गावी परतलो तोवर बातमी आळीभर झाली होती. आमच्या गावाला एकच खडा ठाऊक होता, मुतखडा. आणि घरोघरी केळीच्या बागा, म्हणजे औषधाला तोटा नाही. केळ कापायची, उरलेल्या खुंटाला खळगा करायचा आणि रात्रभर त्यात साठलेलं पाणी सकाळी प्यायचं. बाबांना अरेतुरे करणारी शेजारची म्हातारी काकू दुसऱ्याच दिवशी तांब्या घेऊन हजर झाली.

"काकू, यांचा खडा पित्ताच्या पिशवीत हाय," आई म्हणाली. "तिथून लघवीला वाटच नाय."

"खडा तो खडा. पोटातच हाय ना? पानी जाईल शोधत."

एरवी काकूने दिवस आहे म्हटलं तर बाबा बाहेर डोकावून खात्री करत. पण आता ते तिचे पट्टशिष्य झाले, कारण काकूच्या हातात तांब्या होता आणि डॉक्टरांच्या हातात सुरी. रोज तुरट तोंड करून ते पाणी पीत, वर कुळथाचं कढण घेत आणि पडलेला खडा गाळून पकडायला फडकं घेऊन मोरीत जात. ऑपरेशनचा विषय काढला की म्हणत, "इलाज चालू हाय."

एका सकाळी मोरीतून आरोळी आली. "पडला!"

तळहातावर पांढरट, गुळगुळीत, वाटाण्याएवढा खडा होता. असे खडे आमच्या किनाऱ्यावर चालताना पायाखाली येतात. मी फिसकन हसले. आईने मला चिमटा काढला आणि हात जोडून म्हणाली, "देव पावला गं बाई. आता आळीला जेवण घालायलाच पायजे."

दोन दिवसांनी आमच्याकडे पंगत बसली. आईने बोंबील तळले, कोलंबी तळली, वडे केले, मटणाच्या रश्शावर बोटभर तर्री आणली. ज्याचा खडा पडला त्याने पहिला घास घेतल्याशिवाय कोण जेवणार? सगळे बाबांकडे बघत बसले.

बाबा ताटाकडे बघत बसले.

"घे रे," काकू म्हणाली. "आता कसली भीती?"

आईने त्यांच्या ताटात आणखी एक बोंबील वाढला. झारा घेऊन ती तिथेच उभी राहिली, त्यांचा हात धरता येईल इतक्या जवळ. तेव्हा माझं हसू पळालं. बाबांनी हट्टाने खरंच खाल्लं असतं तर?

बाबांनी घास उचलला, तोंडाजवळ नेला आणि परत ठेवला.

"खडा आतच हाय," ते म्हणाले.

"मंग तो पडला तो कुठला?" काकूने विचारलं.

"किनाऱ्यावरचा."

पंगत अशी हसली की काकूला ठसका लागला. बाबांना लाज वाटली असेल, पण ते उठून गेले नाहीत. हसणं ओसरेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "हसा. पन मला त्या टेबलावर निजायची भीती वाटते. भूल दिल्यावर उठलोच नाय तं?"

मग कुणी हसलं नाही. आईने झारा कढईत ठेवला आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"कळ थांबली की तुमी गप पडून ऱ्हाता," ती म्हणाली. "तवा मी तुमच्या नाकाशी हात धरून बसते. श्वास लागला की मंग उठते. तुमची भीती एका दिवसाची हाय. माझी किती दिवसांची, ते तुमीच सांगा."

बाबांनी आपलं ताट तिच्यापुढे सरकवलं.

"तू जेव आधी," ते म्हणाले. "सकाळच्या एसटीने पालघरला जायचं हाय."