नदीच्या चालीचा माग

जामखेडपर्यंत मोटार, तिथून पुढे बैलगाडी आणि मध्ये मोगलाईची (निजामाच्या राज्याची) हद्द, असा माझा प्रवास होता. निघताना नगरात मी कुणाला फारसे काही सांगितले नाही. पाटोद्याला चोर पकडायला चाललो आहे, असे सांगत सुटणे काही बरे दिसत नाही.

चोरीला गेली होती एक चाल. तंबूत मुके चित्र चालू असताना पडद्याखाली बसून आमचे मास्तर पेटी वाजवतात आणि मी तबला, हे नगरकरांना ठाऊक आहेच. एका चित्रात गाडी नदी ओलांडते आणि बैल मध्येच पाण्यात उभे राहतात. पहिल्याच खेळाला तिथे मास्तरांची बोटे आपोआप एका नव्याच चालीवर गेली. चालीच्या शेवटी एक गिरकी आहे. सूर वर चढतो, थबकतो आणि एकदम खाली येतो. त्या गिरकीसाठी लोक तेच चित्र पुन्हा पाहायला येतात. आणि अशात एका लुगडी विकणाऱ्याने बातमी आणली, की पाटोद्याच्या तंबूत कुणी धनगर हीच चाल पाव्यावर वाजवतो. शिवाय तिथले देशमुख सर्वांत चांगल्या, स्वतः रचलेल्या संगीताला चांदीचे पदक देणार आहेत.

मास्तर बराच वेळ पेटीचा भाता नुसताच हलवत बसले. मग आपल्या शुद्ध पुणेरी बोलीत म्हणाले, “तुम्ही जाऊन या. जन्मभर दुसऱ्यांच्या चाली वाजवल्या. माझी म्हणावी अशी ही एवढी एकच आहे. ती तरी माझ्या नावावर राहू द्या.” मी त्यांना शब्द दिला.

हद्दीवर करोडगिरीचा (जकातीचा) नाका लागला. जमादाराने माझी पिशवी पालथी केली आणि त्यातून माझी हातोडी वर काढली.

“हे कावून संगं घेतलं?” त्याने विचारले.

“तबला सुरात लावायला लागते.”

“आन् तबला कुटं हाय?”

“घरी.”

“तबला घरी आन् हातोडी हितं?”

हातोडी वर्षानुवर्षे पिशवीतच असते, एवढेच खरे. पण खरे सांगितले की माणूस जास्तच खोटा दिसतो. त्याने मला पाऊण तास बसवून ठेवले. तो माझ्याकडे संशयाने पाहत होता आणि मी त्याच्याकडे, म्हणजे आमची फिट्टंफाट झाली.

पुढची वाट बालाघाटाच्या माळावरून जाते. काळे खडक, बाभळी आणि मध्येच सीताफळांची झाडे. गाडीवानाने दोन सीताफळे तोडून माझ्या हातात दिली. फुकट का देतो आहे, हे न कळल्यामुळे मी ती बराच वेळ तशीच धरून बसलो. शेवटी खाल्ली. इतकी गोड सीताफळे मी आजवर खाल्ली नव्हती.

पाटोद्यात बाजाराचा दिवस होता. पेठेत गणपत शिंप्याच्या दुकानापुढे माणसे गोळा झाली होती आणि वाद पदकाचाच चालला होता. तंबूत एक दिवस पेटीवाला वाजवी, एक दिवस तो धनगर, बापू त्याचे नाव. अर्धे गाव इकडे, अर्धे तिकडे.

“पेटीवाल्याच्या चाली समद्या नाटकातल्या उसन्या हायेत. बापू सोताचं वाजिवतो,” मशीन थांबवून गणपत म्हणाला.

“पन पेटी ती पेटी,” एक कासार म्हणाला. “मढ्याम्होरं बी वाजिवली तर शोभती. पावा कुटं सिनेमात वाजिवत्यात व्हय बे?”

“कावून न्हाई वाजवायचा? रडायच्या जागी त्यानं वाजिवलं तवा तूच डोळे पुसत हुतास!”

“माझ्या डोळ्यात कचरा गेलता!”

मी हळूच विचारले, “बापू जे वाजवतो ते त्याचं स्वतःचंच कशावरून?” मी कुठला, कुणाचा, कशासाठी आलो, असे प्रश्न सुरू झाले. पेटीवाल्याने आणलेला माणूस मीच, अशी गणपतची खात्री पटली. तरीही जेवणाच्या वेळी त्यानेच मला घरी नेले. बाजरीची भाकरी आणि येसराची आमटी (भाजून दळलेल्या धान्या-डाळींचे झणझणीत कालवण) होती. मला बोलता येऊ नये म्हणून मुद्दाम इतके तिखट केले असावे, असे मनात आले. पण घरची सगळी पोरेही तेच ओरपत होती.

दिवेलागणीला तंबू भरला. लांबून आलेल्यांच्या बैलगाड्या बाहेर सोडल्या होत्या. बापू चाळिशीतला, उंच, पटका नीट बांधलेला माणूस. पडद्याकडे तोंड करून बसला आणि खेळ सुरू झाला. आमच्याकडचेच चित्र होते. गाडी नदीत उतरली, बैल पाण्यात उभे राहिले आणि पाव्यातून ती चाल निघाली. सूर न् सूर तोच. शेवटची गिरकीसुद्धा.

तेवढ्यात बाहेर गडबड उडाली. गाड्यांना बांधलेले बैल दावी ओढू लागले होते. “आरं बापू, दम धर! जनावरं पान्याकडं ओढायलीत!” कुणी तरी ओरडले आणि सगळा तंबू हसला. मला वाटले, हे मलाच हसताहेत. माझे डोके फिरले. मी उभा राहून ओरडलो, “ही चाल चोरलेली आहे! नगरच्या आमच्या मास्तरांची आहे ही!”

पुढच्या खुर्चीवर देशमुख बसले होते. पिकलेल्या मिशांचे, शांत गृहस्थ. ते म्हणाले, “सबूत पाहिजे, पाव्हणं. का रं बापू, तुझी हाय का ही चाल?”

बापू गोंधळला. “माझी? माझी कशी आसंल? पडद्यावरची बैलं नदीत हुबी, पन पानी पीत न्हाईत. जीव तुटला, म्हनून वाजिवलं.”

चाल कुठून आली ते त्याच्या घरच्या थोरांना विचारून फैसला सकाळी बापूच्या वस्तीवर करायचे ठरले. ती शिरूर कासारच्या वाटेवर आहे. देशमुख, गणपत, तो कासार आणि मी असे चौघे एकाच गाडीतून गेलो.

वस्तीवर आडाजवळ (अरुंद विहिरीजवळ) जनावरांना पाणी पाजायची दगडी डोण भरलेली होती. बापूचा म्हातारा चुलता कोंडिबा जनावरे घेऊन आला. बैल डोणीपाशी नुसते उभे राहिले. मग म्हाताऱ्याने ओठ मुडपून शीळ घातली आणि माझ्या अंगावर काटा आला. मास्तरांची चाल! बैलांनी माना खाली घातल्या आणि ते सावकाश पाणी प्यायला लागले.

“ही पान्याची शीळ,” कोंडिबा म्हणाला. “माझा आजा बी हीच घालायचा. समद्या मुलखात थोडीफार सारकीच. पन शेवटची गिरकी ज्याच्या त्याच्या वस्तीची येगळी. न्हाई तर चार वस्त्यांची जनावरं एकाच डोनीवर यायची. ही गिरकी आमच्या बगर कुनाची न्हाई.” मग डोळे बारीक करून त्याने माझ्याकडे पाहिले. “तुमचे मास्तर कुठले म्हनलासा?”

“पुण्याचे.”

“मंग त्यांला ही कशी ठावं?”

मास्तरांच्या पुण्याच्या घरी आजवर कुणी गेलेले नाही आणि तिथून त्यांना कधी पत्रही येत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा आठवले. सगळ्या जगावर संशय घेणारा मी, ज्याच्या शेजारी अकरा वर्षे बसलो त्याच्यावर मात्र कधी घेतला नव्हता.

देशमुखांनी खिशातून पदक काढले, थोडा वेळ पाहिले आणि परत ठेवले. “सोताच्या रचनेला द्यायचं ठरलंय. ही तर वाडवडलांची हाय. पेटीवाल्याची उसनी. औंदा कुनालाच न्हाई.”

गणपतने माझ्याकडे असे पाहिले, की मान वर करवेना. मी आलो नसतो तर ते पदक बापूच्या छातीवर लागले असते. मला फार लाज वाटली. मी बापूची माफी मागितली, तर तो म्हणाला, “आवो, म्या तर बैलांसाटी वाजिवलं हुतं. दूद घ्या.” या वेळी मी संशय न घेता प्यालो.

परतीच्या वाटेवर नाक्यावरच्या जमादाराने मला ओळखले. “भेटला का तबला?” त्याने विचारले. मी पिशवी त्याच्यापुढे ठेवली आणि निमूट बसून राहिलो.

नगरला पोहोचलो तो थेट मास्तरांकडे गेलो. ते पेटी पुसत होते. कुणी चोरली, असे त्यांनी विचारले नाही. मीच सगळे सांगत सुटलो. बैल दावी कसे ओढत होते, दगडी डोण, कोंडिबाची शीळ, वस्तीची गिरकी आणि खिशात परत गेलेले पदक. मास्तरांचा पुसणारा हात कधीच थांबला होता.

मग ते बोलले. अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून तशी बोली मी ऐकली नव्हती.

“कोंडिबा हाय व्हय आजून?” ते म्हणाले. “आन् आडाला? पानी किती हाय?”

सीताफळे, चेहरे, आमटी, सगळे मी डोळ्यांत तेल घालून तपासले होते. आडात तेवढे डोकावून पाहिले नव्हते.