आण्णांचा निरोप समारंभ

कुपवाडच्या कारखान्यांवरून जाताना तापलेल्या तेलाचा वास आला, की मी कामाला होते त्या कारखान्याच्या गेटवर उभे असलेले माझे वडील दिसतात. आण्णा माणदेशातल्या एका वस्तीवर मास्तर होते. आई अंथरुणाला खिळली, तेव्हा भाकरी थापून, आम्हा दोघी बहिणींच्या वेण्या घालून ते शाळेत जायचे. मेंढरांमागं गेलेल्या पोरांना स्वतः जाऊन वर्गात आणायचे.

त्या दिवशी ते दोन एसट्या बदलून मुद्दाम आले होते.

“सोमवारी शाळेत माझा निरोप समारंभ हाय. येशील नव्हं?”

“रजा मिळत नाही, आण्णा. नोकरी नवी आहे.”

“मग ऱ्हाऊ दे. काम सोडून येऊ नगंस.” त्यांनी माझ्या कपाळावरचा तेलाचा डाग रुमालानं पुसला आणि ते स्टँडकडं वळले.

समारंभात सगळ्यांना त्यांनी कौतुकानं सांगितलं, “लेक लय जबाबदारीच्या कामावर हाय.” हे मला बहिणीकडून कळलं.

खरं तर मी रजा मागितलीच नव्हती. साहेबांपुढं जायचा संकोच वाटला होता. आण्णांना हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. ते गेल्याचं कळलं, तेव्हा त्याच साहेबांनी मी न मागताच मला पंधरा दिवसांची रजा दिली.