व्हॅनमधल्या माझ्या चार जागा

गुरुवारी सकाळी बेल वाजली तेव्हा मी बूट घालून, मफलर गुंडाळून, कवळी बसवून तयार होतो. दारात आमच्या मराठी मंडळाचे डॉक्टर. हे गृहस्थ उभा जन्म इथल्या हॉस्पिटलांत हाडं जोडत होते. रिटायर झाल्यावर हौसेनं मंडळाची व्हॅन चालवतात आणि लंडनजवळच्या आमच्या मेडनहेडच्या गल्ल्यांतून आम्हा म्हाताऱ्यांना गोळा करून गुरुवारच्या जेवणाला नेतात. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं.

"बाकीचे तिघे कुठायत?"

"कोण तिघे?"

"अहो, तुमच्या नावावर चार सीट्स बुक आहेत. चार जेवणं. चारही कमी तिखट."

अशा वेळी माणसानं खरं काय ते बोलावं. पण माझा स्वभाव पहिल्यापासून आडवा. म्हटलं, "चारही मीच. चला, उशीर होतोय."

व्हॅनमध्ये तीन रिकाम्या जागा भोवती राखून मी ऐटीत बसलो. एक बाई शेजारी टेकायला आल्या, त्यांना "घेतलेली आहे" म्हणून सांगितलं. जेवताना पानात जास्तीचे गुलाबजाम आले, तेही परत केले नाहीत. माझ्या नावाचे होते, मी कशाला परत करू?

ही मजा संध्याकाळी अंगाशी आली. डॉक्टरांनी माझ्या मुलाला फोन केला. माझा मुलगा लंडनच्या बँकेत आहे, आवाज खाली ठेवून बोलायची त्याला सवय. तरी भिंतीला कान लावला की ऐकू येतं. "हो डॉक्टर... नाही, तसं विसरत नाहीत... चार? हो का..." फोन ठेवून तो माझ्यासमोर येऊन बसला, आणि मी कुणी परका पाहुणा असावा तसा हळुवार बोलायला लागला.

"बाबा, आपण दवाखान्यात जीपीकडे एक मेमरी टेस्ट करून घेऊया. मंगळवारची वेळ मिळतेय. आणि तुम्हाला एक सोपा फोन आणतो. मोठी बटणं असतात. लाल बटण दाबलं की मला फोन लागतो."

"माझ्या डोक्याला काही झालेलं नाही. त्या अ‍ॅपचं डोकं फिरलंय."

"बाबा, ते अ‍ॅप सगळे वापरतात."

आता हे अ‍ॅप बनवलं कुणी, तर आमच्या सूनबाईनं. ती इथल्याच एका कंपनीत मोबाइलची अ‍ॅप्स बनवते, आणि मंडळासाठी हे तिनं रिकाम्या वेळात फुकट केलेलं. गुरुवारी येणार की नाही, काय जेवणार, व्हॅन हवी का, असं सगळं मराठीत विचारतं. त्यामुळे अ‍ॅप बिघडलंय म्हणणं म्हणजे सुनेच्या हातच्या स्वयंपाकाला नावं ठेवणं. तिनं माझा फोन घेतला, अ‍ॅप उघडलं, नोंद केली, मागे आली, बाहेर पडली. "बरोबर चालतंय हो, बाबा," असं म्हणाली, पण माझ्याकडे न बघता.

मी चौथी पास. पुढची शाळा मी बसच्या वर्कशॉपात शिकलो, इंजिनांच्या पोटात हात घालून. तिथं पहिल्या दिवशी एकच धडा देत. खोललेला प्रत्येक भाग गोणपाटावर ओळीनं मांडायचा, आणि बसवताना शेवटी काढलेला आधी बसवायचा. उलट पावली यायचं. इंजिन बसवून झाल्यावर गोणपाटावर एक जरी भाग उरला, तरी तो भाग जादा नसतो, तुम्ही गाढव असता. या हिशेबानं त्या अ‍ॅपमध्ये मागे येताना मला नेहमी पानं उरत होती. गेलो होतो तीन पानं, परत येताना आठ-नऊ लागायची. हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असलेलं पटवायचं कसं?

"रविवारपर्यंत मुदत दे," मी मुलाला म्हटलं. "तोवर मी चूक दाखवली नाही, तर मंगळवारी तुझ्याबरोबर येतो आणि तो लाल बटणाचा खुळखुळाही घेतो."

"आणि दाखवलीत तर?"

"तर तू पुन्हा माझ्याशी असं हळू बोलायचं नाहीस."

रविवारी जेवणं झाल्यावर मी सूनबाईला स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसवलं. कपाटातली स्टीलची ताटं, वाट्या, पेले काढून मांडले. मुलगा दाराला टेकून उभा राहिला. हाताची घडी.

"हे काय, बाबा? परत जेवायचंय?" सूनबाईनं विचारलं.

"तू गप बस आणि हात चालव. मी फोन चालवतो. घराचं पान दिसलं की ताट मांड. नोंदीचं पान दिसलं की त्यावर वाटी. नोंद झाल्याचं पान आलं की वाटीवर पेला. मी मागे आलो की वरचं काढायचं. एवढंच."

"बरं. मांडते."

मी अ‍ॅप उघडलं. तिनं ताट मांडलं. नोंदीचं पान आलं, वाटी मांडली. तिथं माझं बोट चुकून 'तिखट'वर पडलं. माझं बोट नेहमीच तिथं पडतं, ते जाडच आहे. मग मी नेहमी करतो तेच केलं. खालच्या घराच्या चित्रावर बोट ठेवलं, फोन टेबलावर ठेवला, उठलो, नळाचं अर्धा पेला पाणी पिऊन खुर्चीत शांत बसलो.

"बाबा, हे काय चाललंय?" मुलगा.

"तुला माहीत नाही? बाहेर निघताना काही चुकलं, विसरलं, तर घरात परत यायचं, घोटभर पाणी प्यायचं, घटकाभर टेकायचं आणि नव्यानं निघायचं. तुझ्या आईनं तुला दहावीच्या परीक्षेला निघताना असंच दोनदा बसवलं होतं."

"ते खऱ्या दाराला, बाबा!"

"मग या चित्रातलं घर खोटं आहे का? तुझ्या बायकोनं काढलंय ते."

सूनबाई हसली, पहिल्यांदाच. "म्हणजे तुम्ही मागच्या बाणानं मागे येतच नाही? चुकलं की घर?"

"चुकल्यावर मागे कोण बघतं? सरळ घर."

तिनं वाटी काढायला हात पुढे केला, कारण आपण घरी आलो म्हणजे वाटी गेली असा तिचा समज. मी तिचा हात धरला.

"थांब. अजून काढू नकोस. घराचं पान दिसतंय ना? मग ठरल्याप्रमाणे ताट मांड."

तिनं वाटीवर दुसरं ताट ठेवलं. मी पुन्हा निघालो. पुन्हा वाटी, पुन्हा बोट चुकलं, पुन्हा घर, पुन्हा पाणी, वर तिसरं ताट. मग एकदाची नोंद झाली आणि त्या डुगडुगत्या मनोऱ्यावर तिनं एका हातानं धरून पेला चढवला. माझं काम झालं. आता बाहेर पडायचं म्हणून मी फोनच्या अगदी तळाशी जो बाण असतो तो दाबायला लागलो.

पेला निघाला. खालच्या वाटीच्या पानावर 'नोंद झाली' असं होतं, तीही निघाली. तिसरं ताट निघालं. आणि त्याखालची वाटी फोनवर जिवंत उभी राहिली. भरलेलं नोंदीचं पान, आणि खाली हिरवं बटण: 'नोंद करा'.

"दर वेळी हे पान मला विचारतं, नोंद करायची का? मला वाटतं, झालेलीच नाही. विचारलं तर उत्तर देतो मी, माझ्या अंगात तेवढी माणुसकी आहे. 'कमी तिखट'वर नीट बोट ठेवतो आणि करतो नोंद. त्या गुरुवारची नोंद करताना तीनदा चुकलो होतो, आता कर हिशेब."

सूनबाईनं मनोऱ्यातली ताटं मोजली. मग कपाळावर हात मारून घेतला. "बाबा, घर दाबलं की खालचं सगळं काढून पहिल्या ताटावर यायला हवं होतं. मी दर वेळी वर नवीन घर ठेवतेय. जुनं सगळं तसंच खाली. माझ्या फोनला तळाचा हा बाणच नाही ना, म्हणून मला कधी दिसलंच नाही! आणि तुमच्या फोनवर बघितलं तेव्हा मी मधे घर दाबलंच नाही."

"कारण तुझं बोट चुकत नाही."

"माझी चूक आहे, बाबा. सॉरी."

मुलानं हाताची घडी सोडली. खाली मान घालून तो ताटं उचलायला लागला. "मंगळवारची वेळ कॅन्सल करतो," असं म्हणाला, अगदी नेहमीच्या आवाजात, किंचित चिडूनच. मला फार बरं वाटलं.

"अजिबात करू नकोस," मी म्हटलं. "मला कागद हवाय."

सूनबाईनं त्याच संध्याकाळी दुरुस्ती केली. मंडळातल्या दुसऱ्या एका बाईकडून ती नीट तपासून घ्यायची म्हणून तिनं काय-काय करून बघायचं याची यादी लिहून पाठवली. त्यात चौथी ओळ होती, 'अर्धा पेला पाणी प्या.' त्या बाईंचा उलट निरोप आला, पाणी थंड चालेल का?

मंगळवारी नर्सबाईनं मला शंभरातून सात-सात वजा करत मागे यायला सांगितलं. आकडे मला इंग्रजीत चांगले येतात, वर्कशॉपातल्या पान्यांवर तेच असतात. पाच उत्तरांनंतर ती इनफ, इनफ म्हणायला लागली, पण मी दोनपर्यंत उतरून आलो आणि विचारलं, आता याच वाटेनं वर जाऊ का? डोकं ठीक असल्याच्या कागदाच्या मी दोन प्रती मागून घेतल्या.

गुरुवारी बेल वाजली. डॉक्टरांनी हातातली यादी पाहिली, मग मला पाहिलं.

"आज एकच सीट?"

"हो," मी दार ओढून घेत म्हटलं. "बाकीचे तिघे आज घरीच थांबलेत."

त्यांचा चेहरा पडला. तो मी पायऱ्या उतरेपर्यंत तसाच राहू दिला, आणि मग खिशातून त्यांची प्रत काढली.