विटांत साठवलेलं ऊन

माझे साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, यांच्याइतकं उष्णतेवर प्रेम करणारा माणूस नाशिकच्या थंडीनेही दुसरा पाहिला नसेल. त्यांची सारी नोकरी शहराबाहेरच्या औष्णिक वीज केंद्रात, बॉयलरपाशी गेली. त्यामुळे कुठेही काही गरम दिसलं की ते वाया चाललंय असंच त्यांना वाटे. कुकरची शिट्टी झाली की ते जेवता जेवता हळहळत. एका लग्नात भट्टी विझवण्यावरून त्यांचा आचाऱ्याशी वाद झाला आणि शेवटी त्या निखाऱ्यांवर अख्ख्या वऱ्हाडाच्या आंघोळीचं पाणी तापलं. वऱ्हाडाच्या आंघोळी सकाळीच उरकल्या होत्या, ही बाब त्यांनी किरकोळ मानली.

निवृत्तीनंतर त्यांनी गच्चीवर सोलर पॅनेल बसवली आणि त्यांना नवं दुःख सापडलं. दुपारी ऊन रग्गड, वीज रग्गड, पण वापरायला घरात कोणी नाही. संध्याकाळी सगळ्यांना वीज हवी, तेव्हा ऊन गायब. "अख्ख्या राज्याचं हेच दुखणं आहे," ते म्हणत. त्यावर त्यांचा उपाय असा, की दुपारच्या विजेने विटा लालभडक तापवायच्या, जाड पांघरुणात गुंडाळून ठेवायच्या आणि दिवेलागणीला त्या उष्णतेवर वाफ करून पुन्हा वीज काढायची. मग केंद्रातले वीजनिर्मितीचे जुने संच कोळशावाचून चालतील आणि माणसंही कामावर राहतील. हे शेवटचं ते जरा हळू आवाजात सांगत, कारण त्यांचा जुना संच बंद होणार अशी कुणकुण तोवर सगळ्यांना लागली होती.

लवकरच गाडी उन्हात अंगणात आली आणि गॅरेजमध्ये भट्टीच्या विटांनी भरलेलं लोखंडी कपाट उभं राहिलं. मी मेहुणीबाईंना विचारलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "नोकरीत होते तेव्हा बॉयलर तिकडे होता, आता घरी आलाय. एवढाच फरक."

प्रयोगाच्या संध्याकाळी आम्हा सगळ्यांना चहाला बोलावणं होतं. घराचा मेन स्विच बंद झाला, कपाटाला जोडलेल्या नळीतून वाफ फुसफुसली, एक लहानसं चक्र फिरलं आणि एक बल्ब लागला. सासूबाई थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. "आमच्या चिमणीला याहून जास्त उजेड होता हो, जावईबापू," त्या म्हणाल्या. साडू रागावले नाहीत. "कपातला चहा लवकर निवतो, पातेल्यातला टिकतो. पातेलं मोठं हवं," एवढंच म्हणाले.

ते मोठं पातेलं, म्हणजे विटांना जोडायला जुना संच, मागायला ते केंद्रात खेटे घालत राहिले. शेवटी तिथली एक इंजिनिअर, त्यांच्याच हाताखाली तयार झालेली, घरी आली. तिने कपाट नीट पाहिलं, अडचणीचे प्रश्न विचारले आणि साडूंनी प्रत्येकाचं उत्तर खुशीत दिलं. मग ती म्हणाली, "सर, कल्पना खरी आहे. जगात लोक यावर कामही करतायत. पण आपल्या संचासाठी ती उशिरा सुचली. शुक्रवारी बंद होतोय. तुम्ही याल?"

साडू गेले, मलाही बरोबर नेलं. बटण दाबलं गेलं आणि इतका वेळ कानात भरून राहिलेला आवाज हळूहळू उतरत गेला. लोकांनी फोटो काढले, चहा घेतला, पांगले. साडू टर्बाइनपाशीच उभे होते.

"हा निवायला बरेच दिवस घेतो," ते मला म्हणाले. "तोवर आतला दांडा सावकाश फिरवत ठेवावा लागतो. नाहीतर वाकतो."

"पण आता परत चालवायचाच नाही ना?" मी विचारलं.

उत्तर त्या इंजिनिअरनेच दिलं, "फिरवत ठेवू, सर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुणीबाईंचा माझ्या बायकोला फोन आला. यजमान डबा घेऊन केंद्रात गेले होते. दांडा फिरतोय तोवर रोज जाईन, म्हणाले होते.