पत्रिकेच्या माथ्यावरची जागा

अन्याय झाला तो इस्लामपूरच्या एका बौद्ध बापावर, ऐन लग्नसराईत, मंगळवारी सकाळी, छापखान्यात. आमची पत्रकं छापायला मीही तिथं बसलो होतो. कॉम्प्युटरवरच्या बाईंनी लग्नपत्रिकेच्या तयार साच्यात त्याच्या मुलीचं नाव भरलं. माथ्यावर गणपती आपोआप आला.

"ताई, आमी बौद्ध हाय. वर बुद्ध पायजेत. ही पत्रिका पाव्हण्यांत कशी वाटू?"

मालक गल्ल्यावरून ओरडला, "आवं, साचाच तसा हाय. सगळ्यांना चालतोय."

"सगळ्यांना म्हंजे कुणाला?"

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. सकाळपासून त्या तेच करत होत्या, आणि डोळे तसेच लाल. "साचा मीच केलाय, मालक," त्या म्हणाल्या. "दमले व्हते. दर वेळी कोण विचारत बसणार, म्हणून देव पक्का बसवला."

त्यांनी बुद्धांचं चित्र लावून दिलं. मग मूळ साचा उघडला, गणपती काढला आणि माथा कोरा ठेवला.

"आता परत्येकाला विचारावं लागंल," मालक चिडला.

"लागू दे."

वाचक हो, पत्रिका छापायला जाल तेव्हा आधी साचा बघा. माथ्यावर तुमचाच देव बसलेला असला, तरी तो तुमच्या पत्रिकेत राहू दे, पण साच्यातून काढायला लावा.