शाळेसमोरचा गतिरोधक

माधवनगरच्या पुढं रस्त्याला लागून असलेल्या शाळेत मी बारा वर्षं शिकवलं. शाळेसमोर गतिरोधक करा, म्हणून दरवर्षी अर्ज द्यायचे आणि दरवर्षी पोच घेऊन परत यायचे. मग चौथीतल्या एका मुलीला शाळा सुटताना टेम्पोनं उडवलं. मांडीचं हाड मोडलं. गावानं रस्ता अडवला आणि बारा वर्षं अडलेलं काम दुसऱ्या दिवशी दुपारी तासाभरात झालं.

म्हणजे काय झालं? ट्रॅक्टरमधून उरलंसुरलं डांबर आलं, दोघांनी फावड्यानं ओढलं आणि विटेएवढा उंच, धारदार उंचवटा करून निघून गेले. पट्टे नाहीत, फलक नाही, वर चिंचेची दाट सावली. मला तेव्हा यातलं काहीच खटकलं नाही. मी वर्गात पेढे वाटले.

तिसऱ्या दिवशी माझ्या मोठ्या वन्सं औंधहून आल्या. सांगली स्टँडवरून आमचे मालक त्यांना मोटारसायकलवर घेऊन घरी निघाले. ह्यांना तो काळ्यावरचा काळा उंचवटा दिसलाच नाही. मागं एका बाजूला बसलेल्या वन्सं उडून डोक्यावर पडल्या. मी वर्गात होते. आवाज ऐकून बाहेर आले, तर आमच्याच घरचं माणूस रस्त्यावर.

अकरा दिवस त्या दवाखान्यात होत्या. गळ्याजवळचं हाड जुळलं, पण उजव्या कानानं ऐकू यायचं गेलं ते गेलंच. हे रोज एकच म्हणायचे, मी सावकाश चालवत होतो. मला ते माहीत होतं.

मी रस्त्याचं काम बघणाऱ्या कार्यालयात गेले. साहेबांनी माझे जुने अर्ज काढून पुढ्यात ठेवले आणि म्हणाले, "बाई, तुम्हीच मागितला होता ना?"

मी म्हणाले, "गाड्या हळू व्हाव्यात म्हणून मागितला होता साहेब. माणसं आपटावीत म्हणून नाही."

त्यावर त्यांनी पट्ट्यांची मंजुरी वेगळी असते, फलकाची वेगळी, असं बरंच समजावलं. डांबर टाकायला कुणाची मंजुरी होती, हे मात्र त्यांना सांगता येईना. त्या संध्याकाळी मी आणि शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी, दोघींनी बादलीत चुना कालवून त्या उंचवट्यावर पट्टे ओढले. चार दिवसांत टायरांनी ते पुसले. आम्ही पुन्हा ओढले. असं पाच महिने चाललं आणि तेवढ्या काळात आणखी दोघं तिथं पडले. दोन्ही वेळा मी कार्यालयात पडणाऱ्याच्या नावानिशी लिहून दिलं.

शेवटी तो उंचवटा फोडून रुंद, बुटका, बसची चाकं सहज चढून उतरतील असा केला. आधी फलक, वर पांढरे पट्टे, कडेला चकाकणारे खिळे. काम एका दिवसाचं. आता गाड्या लांबूनच हळू होतात, मुलं ओळीनं रस्ता ओलांडतात आणि कुणी पडत नाही. हे पाहून मला समाधान वाटायला हवं. मला संताप येतो. हे त्यांना पहिल्याच दिवशी करता येत होतं.

अर्ज माझा होता, हे वन्सांना सांगायचा धीर मला वर्षभर झाला नाही. दिवाळीला औंधला गेले तेव्हा त्यांच्या डाव्या बाजूला बसून सगळं सांगितलं. त्यांनी सोललेले शेंगदाणे माझ्या पुढ्यात सारले.

"पोरांसाठी मागितलंस, ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "पर ज्यानं त्यो ढिगारा टाकला, त्याला कुणी इचारलं का गं?"

कुणीच विचारलं नव्हतं. साताऱ्याला जाताना आजही वाटेत तसले बिनपट्ट्यांचे उंचवटे लागतात. मी प्रत्येकाचा फोटो काढते आणि अर्ज टाकते. पोच येते.