छापण्याआधी वाचून दाखवणारे हरिभाऊ

हरिभाऊ रणवरे यांची आणि माझी पहिली भेट दौंडच्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत झाली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. शिरूर-दौंडच्या बातम्या ते पुण्याच्या एका दैनिकाला पाठवत. पिशवीतून पाण्याची बाटली काढून म्हणाले, "सर, पिऊ नका, तपासा." ओळख नंतर सांगितली!

ते पाणी भीमेकाठच्या एका वाडीतल्या, बहात्तरच्या दुष्काळानंतर घेतलेल्या हातपंपाचे होते. तिथल्या सुनंदाला पाहायला आलेले पाहुणे तिचे तपकिरी दात बघून, मुलगी मिश्री लावते म्हणत उठून गेले होते. आईनेही तिलाच बदडले. हरिभाऊंनी मात्र शाळेत जाऊन चौथीच्या मुलांना 'आ' करायला लावले. त्यांचेही दात तसेच. विहिरीचे पाणी पिणाऱ्या शेजारच्या वस्तीतली मुले तेवढी सुटली होती. मी तपासले, तर पंपाच्या पाण्यात लहानपणीच दात डागाळणारे फ्लोराइड भरपूर.

बातमी तयार झाली. पण ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना आधी वाचून दाखवायचे, मगच फॅक्स करायचा, हा हरिभाऊंचा शिरस्ता. संपादक यावरून वैतागत. मारुतीच्या देवळापुढे त्यांनी बातमी वाचली, तसे गावचे वडीलधारे आप्पा (वाडीत सगळेच हरिभाऊंना मामा म्हणत) म्हणाले, "मामा, गावाचं नाव नगा टाकू. सगळ्याच पोरी घरात बसत्याल."

"नाव न्हाई तर पंप कोण बंद करणार, आप्पा? पण तुम्ही नको म्हणाल तर छापणार न्हाई."

मला हरिभाऊंचा असा राग आला! लहान मुले अजून तेच पाणी पीत होती. तेवढ्यात बायकांमधून सुनंदा उठली.

"गावाचं टाका आन् माझं बी टाका. मी मिश्री लावत न्हाई, हे आधी लिवा."

फोटोसाठी तिने तोंडावरचा हात काढला आणि ती हसली. बातमी फोटोसकट आली, पंप बंद झाला, विहिरीवरून नळ आला. दातांवरचे डाग मात्र जाणारे नव्हते. सुनंदाचे लग्न लांबले, ते हरिभाऊंना फार लागले. वाडीवर गेले की तिच्या आईपाशी बसल्याशिवाय ते परतत नसत. पुढे वाडीतल्याच एका घरी तिचे लग्न झाले, तेव्हा अक्षता टाकायला ते सर्वांच्या आधी हजर होते.

यंदा हरिभाऊंना साठ वर्षे पूर्ण झाली. त्यांना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभो, ही आम्हा स्नेह्यांची मनापासूनची इच्छा. सुनंदाबाईंचा निरोप त्यांच्याच शब्दांत पोचवतो: "मामा, थोरलीचे दुधाचे दात पडून नवे आल्यात. पांढरे हायेत. बघायला या."